भिंतीपलीकडची बहीण

"तुमची बहीण नन आहे ना हो? मग तिला घरची आठवण येत नाही का?"

वसई रोडहून चर्चगेटपर्यंत मी पस्तीस वर्षे जा-ये केली. तेवढ्या काळात हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल, त्याची गणतीच नाही. विचारणाऱ्यांच्या मनात काही वाकडे नसे. डब्यातले ते मित्र कोणी मंत्रालयातले, कोणी बँकेतले, सगळे लेकुरवाळे गृहस्थ. दिवाळीच्या सुमारास भाऊबीजेच्या ओवाळणीचा हिशेब निघे. कोणाच्या बहिणीला साडी, कोणाच्या बहिणीला रोख रक्कम. मग एखाद्याचे लक्ष माझ्याकडे जाई आणि तो हळूच हा प्रश्न टाकी. मी "येत असेल की!" म्हणून वर्तमानपत्र उघडी.

खरे उत्तर अंधेरी ते दादर एवढ्या अंतरात संपणारे नव्हते. आज ताई पंच्याऐंशी वर्षांची आहे आणि मी अठ्ठ्याहत्तरचा. डब्यातले ते मित्रही आता पांगले. म्हणून म्हटले, यंदा ते उत्तर जरा सविस्तर लिहावे.

आम्ही वसईचे कॅथलिक. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती परत घेतली. पोर्तुगीज गेले, धर्म राहिला. भाषा तर कधी गेलीच नव्हती. घरी केळीची वाडी आणि थोडा पानमळा. वडील माणूस कष्टाळू, बोलणे मोजके. दादा थोरला, मधली ताई आणि मी शेंडेफळ. मला पाढे शिकवले ताईने, माझ्या सदऱ्याची बटणे लावली ताईने, आणि विहिरीवर पोहायला गेलो म्हणून कान उपटला तोही ताईनेच.

१९५९ च्या मे महिन्यात एका रात्री जेवताना तिने सांगितले, "मला मठात जायचंय." तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. वडील तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी वाडीतून परत आले, पाय धुतले आणि म्हणाले, "जा, बाय." आमच्याकडे मुलीला लाडाने बाय म्हणतात.

मठाकडून एक यादी आली होती. इतक्या चादरी, इतके पंचे, एक लोखंडी ट्रंक. खाली सूचना होती, की प्रत्येक कपड्यावर नावाऐवजी क्रमांक घालावा. ताईचा क्रमांक चौतीस. आईने लाल दोऱ्याने प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात चौतीसचा आकडा भरला. ती भरत असताना वडील ओटीवरून म्हणाले, "बारशाला नाव ठेवलं, आता आकडा आला." घरात कोणी हसले नाही.

येथे वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हटले, की इंग्रजी शाळा डोळ्यांपुढे येते. वास्तविक कॉन्व्हेंट म्हणजे धर्मभगिनींचा मठ. शाळा हे त्यांतल्या काहींनी पत्करलेले काम. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते घेऊन त्या एका छपराखाली राहतात. पगार शाळेचा असो वा दवाखान्याचा, तो सामाईक पेटीत जातो. आणि मौजेची गोष्ट अशी, की ज्या घरातून माणूस उठून जातो त्या घराचेच सगळे शब्द तो मठात नेतो! वडीलधारी ती मदर, बाकीच्या सिस्टर. पुरुषांच्या मठात ब्रदर, आणि मठाधिपतीला अॅबट म्हणतात, तो शब्द 'अब्बा' म्हणजे बाप यावरूनच आलेला. घर सोडायचे आणि पुन्हा घरच मांडायचे, असा हा व्यवहार.

ताईचा मठ घाटावरच्या एका शहरात होता. वर्षातून एकदा, एका रविवारी, आम्हाला भेटीची परवानगी असे. पहिल्या वर्षी वडिलांनी बरोबर सुकेळी घेतली. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून ती केळीच्याच वाळक्या पानात बांधतात. वसईबाहेर ती फारशी दिसत नाहीत. ताईचा जीव त्यांवर.

भेटीच्या खोलीत ताई आली ती पांढऱ्या झग्यात, नवे नाव घेऊन. आम्ही तिला सिस्टर म्हणायचे, असे दादाने वाटेत दहादा बजावले होते. कोपऱ्यात दुसरी एक भगिनी विणकाम घेऊन बसली होती. एकटीने पाहुण्यांना भेटायचे नाही असा तेव्हाचा नियम. वडिलांनी पुडा पुढे केला. ताईने तो घेतला, नाकाशी नेला आणि उठून दाराशी उभ्या असलेल्या मदर सुपीरियरच्या हातात दिला. पुडा गेला सामाईक कोठीत! मी बारा-तेरा वर्षांचा. परतीच्या गाडीत मी रडलो तो ताईसाठी नव्हे, सुकेळ्यांसाठी. "एक्केचाळीस बायकांत ताईला किती मिळणार?" असा माझा हिशेब होता.

असे चौथे वर्ष उलटले. १९६३ च्या श्रावणात वडिलांना कावीळ झाली. सुरुवातीला झाडपाल्याचे उपाय केले, डॉक्टर उशिरा आणला. दादाने मठाकडे तार केली, 'वडील अत्यवस्थ, ताईला पाठवा.' दुसऱ्या दिवशी उलट तार आली, की सर्वजणी प्रार्थना करीत आहोत. तिसऱ्या दिवशी वडील गेले. शेवटपर्यंत दाराकडे बघत होते. आम्ही शवपेटी दुपारपर्यंत ठेवली, कदाचित गाडी चुकली असेल म्हणून. मग पाऊस वाढला.

ताई आली नाही. त्या काळी पुष्कळ धर्मसंघांत एकदा घर सोडले, की परत उंबरठा ओलांडायचा नाही असा दंडक असे, आईबापांच्या मरणालासुद्धा. आम्हाला तो ऐकून ठाऊक होता. पण ऐकणे वेगळे आणि रिकाम्या दाराकडे बघणारा बाप बघणे वेगळे. दादाने शपथ घातली, त्या मठाची पायरी पुन्हा चढायची नाही. मीही ताईच्या पत्रांना उत्तर देणे सोडले. तिची पत्रे आईला वाचून दाखवी, पण कोरड्या आवाजात, तार वाचावी तशी.

राग आला म्हणजे काही माणसे भांडतात, काही पितात. मी वाचायला लागलो. चर्चच्या छोट्याशा वाचनालयात मठांविषयी जे मिळाले ते वाचून काढले, ताईला एक दिवस सडेतोड पत्र लिहायचे म्हणून.

पहिल्यांदा हाती लागले ते सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टचे नियम. पश्चिमेकडच्या मठांचा पाया त्यांवर रचला गेला. त्यात चोपन्नावा नियम असा, की मठातल्या माणसाने मठाधिपतीच्या परवानगीवाचून आईबापांकडूनदेखील पत्र किंवा भेटवस्तू घ्यायची नाही. एकोणसत्तरावा त्याहून कडक. रक्ताचे नाते कितीही जवळचे असो, मठात एकाने दुसऱ्याची बाजू घ्यायची नाही. मी तांबड्या पेन्सिलीने खुणा केल्या. मग कळले, की या कडक गृहस्थाला एक बहीण होती, स्कोलास्तिका. तीही संन्यासिनी. दोघे वर्षातून एकदाच भेटत, मठाच्या दाराबाहेर थोड्या अंतरावर. पोप ग्रेगरीने शतकाच्या अखेरीस ती कथा लिहून ठेवली आहे. एका भेटीत संध्याकाळ झाली, बहीण म्हणाली रात्रभर थांब, बोलत बसू. भाऊ म्हणाला, मठाबाहेर रात्र काढणे मला शक्य नाही. तिने हात जोडून डोके टेकले, आणि निरभ्र आकाशातून असा पाऊस कोसळला की भावाला उंबऱ्याबाहेर पाय टाकता येईना. दोघे पहाटेपर्यंत बोलत बसले. तीन दिवसांनी ती वारली. आपल्यासाठी तयार ठेवलेल्या कबरीत बेनेडिक्टने तिला ठेवले, आणि पुढे तोही तिथेच विसावला. वर्षातून एकदा भेटणारे बहीणभाऊ! आपल्याकडच्या भाऊबीजेहून हे काय निराळे? मी तांबडी पेन्सिल खाली ठेवली.

दुसरी हकिकत फ्रान्समधल्या लिझ्यू गावच्या मार्तां कुटुंबाची. तिने माझी झोप उडवली. बाप लुई घड्याळजी, आई झेली लेस विणून घेण्याचा धंदा चालवणारी. नऊ मुलांपैकी पाच मुली जगल्या. १८७७ साली आई कर्करोगाने गेली तेव्हा धाकटी तेरेझ साडेचार वर्षांची होती. तिने थोरल्या पोलीनला आई मानले. १८८२ साली ही दुसरी आईही कार्मेलच्या मठात निघून गेली. त्या मठात जाळीआडून भेटायचे, मोजका वेळ बोलायचे. १८८६ साली मोठी मारी गेली आणि १८८८ साली पंधरा वर्षांची तेरेझ स्वतःच गेली. एका मठात तीन सख्ख्या बहिणी! हे नियमाला सोडूनच होते. त्यामुळे पुढे मठाच्या सभेत तेरेझला जागा मिळाली नाही, कारण दोघी बहिणी तिथे आधीच होत्या. ती शेवटपर्यंत नवशिक्यांतच राहिली.

तेरेझ आत गेल्यावर वर्षाच्या आत बापाच्या बुद्धीवर परिणाम झाला. १८८९ च्या फेब्रुवारीत त्याला काँ शहरातल्या मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तीन वर्षे तो तिथे होता. मुली मठात गेल्या म्हणून बापाचे डोके फिरले, अशी गावात कुजबुज सुरू झाली, आणि ती भिंतीआड मुलींच्या कानांवर पोहोचली. तिघींपैकी एकीलाही बाहेर येता येईना. १८९२ साली बापाला घरी आणल्यावर त्याला एकदा चाकाच्या खुर्चीतून मठात भेटीला नेले, तीच शेवटची भेट. शुश्रूषा केली ती बाहेर राहिलेल्या सेलीनने. १८९४ च्या जुलैत बाप गेला आणि सप्टेंबरात सेलीनही मठात आली. चौथी बहीण नको, घराणेशाही होईल, असे मठातल्या एका भगिनीने स्पष्ट म्हटले होते. तिचे काय चुकले? आमच्या सोसायटीच्या कमिटीत दोन भाऊ निवडून आले तरी आम्ही कुरकुर करतो.

आता इथेच माझ्या सडेतोड पत्राची पंचाईत झाली. कारण ही तेरेझ करमणुकीच्या तासाला सख्ख्या बहिणींजवळ जाऊन बसत नसे. जिच्याशी कोणी बोलत नाही, जी चिडखोर आहे, तिच्याशेजारी बसे. घरी जे प्रेम मिळाले त्याचा वाटा ती इतरांना देत होती. आणि दुसऱ्या बाजूने पाहा. पोलीन मठाधिकारी झाली तेव्हा तिने धाकटीला आज्ञा केली, की लहानपणच्या आठवणी लिहून काढ. ही कल्पना मारीची. घरातली एक आठवणवही, एवढाच उद्देश. तेरेझ १८९७ साली चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली. पुढच्या वर्षी ती वही पुस्तक म्हणून छापली आणि जगभर गेली. मठात येताना सेलीनने आपला कॅमेरा बरोबर आणला होता, म्हणून तेरेझचा चेहरा आज आपल्याला ठाऊक आहे. कलकत्त्याच्या मदर तेरेसांनी नाव घेतले ते हिचेच. बहिणी एकत्र नसत्या, तर ना वही झाली असती ना चित्र. १९२५ साली तेरेझला संतपद मिळाले. २०१५ साली तिच्या आईबापांनाही दिले, दोघांना मिळून. माझ्या मते ती परतफेड जरा उशिराच झाली.

मदर तेरेसांचे तरी काय? १९२८ साली अठराव्या वर्षी त्यांनी घर सोडले. आई आणि बहीण त्यांना पुन्हा कधी दिसल्या नाहीत. पुढे दोघी अल्बानियात अडकल्या, तिथल्या राजवटीने दार उघडले नाही. १९७२ साली आई गेली तेव्हा मुलगी अर्ध्या जगाची आई झालेली होती. हे वाचले तेव्हा आमची आई मला आठवली, चौतीसचा आकडा भरताना.

सडेतोड पत्र मी लिहिलेच नाही. पण साधेही लिहिले नाही. पुरुषाचा हट्ट!

तिकडे रोममध्ये १९६२ ते १९६५ दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी तिने मठवासीयांच्या जीवनाविषयी एक ठराव प्रसृत केला. मठाचा समुदाय हे देवाच्या नावाने एकत्र आलेले खरेखुरे कुटुंब असावे, असे त्यात म्हटले होते. जुने नियम पुन्हा तपासून पाहा, असेही सांगितले होते. मग एकेक संघ आपले दंडक सैल करू लागला.

१९६८ च्या दिवाळीत ताई घरी आली. नऊ वर्षांनी! दिवाळीत का, तर तिच्या शाळेला तेव्हाच सुटी. बरोबर एक सोबतीण सिस्टर. ताई आधी वडिलांच्या कबरीकडे गेली, मग थेट स्वयंपाकघरात. आईने काही विचारले नाही. डोक्यावरून हात फिरवायला पदर बाजूला करावा तसा तिने ताईचा शिरोवस्त्राचा काठ सारला, आणि हाताला आखूड कापलेले केस लागले. ताईची वेणी कमरेखाली येत असे. आई तशीच हात ठेवून उभी राहिली. दादा वाडीत निघून गेला तो दिवेलागणीला परतला.

शेजारच्या काकूंना ताई आल्याचे कळले. आम्हा ख्रिस्ती लोकांत भाऊबीज नाही. पण ताई गेल्यापासून काकू मला आपल्या मुलींकडून ओवाळून घ्यायला बोलावीत. त्या दिवशी त्या तबक घेऊन आमच्याच ओटीवर आल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर असशील तू मठात. इथे बहीण आहेस. घे तबक." ताईने सोबतिणीकडे पाहिले. सोबतीण म्हणाली, "मी रोझरी म्हणत बसते आत."

ओवाळून झाल्यावर मी पाच वर्षांचे तुंबलेले बोललो. "बाबांच्या वेळी का नाही आलीस?"

ताईने सांगितले ते असे. तार आली तेव्हा मदर सुपीरियर म्हणाल्या, "मी परवानगी देऊ शकत नाही. माझ्या हातात नाही." एवढेच. रात्री दिवे मालवल्यानंतर मठात शब्दही उच्चारायचा नसतो. त्या शांततेच्या वेळी मदर कंदील घेऊन ताईच्या खाटेशी आल्या, तिला स्वयंपाकघरात नेले, स्वतः कॉफी केली आणि म्हणाल्या, "वडलांबद्दल सांग." पहाटेची घंटा होईपर्यंत ताई बोलत होती. वाडी, पानमळा, पाय धुण्याची दगडी, सगळे. पुढे आठवडाभर तिचे वर्ग दुसऱ्या भगिनींनी घेतले, तिचे धुणे तिसरीने धुतले, कोणी न सांगता. मदर मंगळूरकडच्या. त्यांची स्वतःची आई गेली तेव्हा त्यांनाही कोणी पाठवले नव्हते, हे ताईला त्या रात्री कळले.

"म्हणून त्यांनी तुलाही पाठवू नये?" मी विचारले. ताई गप्प राहिली. ते मला तेव्हा पटले नाही. खरे सांगायचे तर आजही पुरते पटलेले नाही. नियम मोडून कॉफी करता येते, तर नियम मोडून गाडीत बसवता येत नव्हते? पण त्या दिवसापासून मी पत्रांना उत्तरे लिहू लागलो. दादाने शपथ मोडायला आणखी चार वर्षे घेतली.

नंतर ताई दर दिवाळीला येऊ लागली. कुरबुरी होत्याच. एका साली दादाच्या वाडीवर रोग पडला आणि पोराच्या कॉलेजची फी भरायची होती. ताई तेव्हा मुख्याध्यापिका, पण तिच्या हातात एक रुपयासुद्धा स्वतःचा नाही. "हेडमास्तरीण बहीण असून भाचा घरी बसतो," असे आप्त बोलले. ताईने ते ऐकले, मान खाली घातली. पण दिवाळीची आठवडाभराची सुटी तिने त्या पोराचे गणित पक्के करण्यात घालवली. शिष्यवृत्ती त्याने मिळवली ती पुढच्या वर्षी.

पुढे तिच्याकडे नव्याने येणाऱ्या मुलींना शिकवण्याचे काम आले. मी एकदा विचारले, "कोणती मुलगी टिकते, कशी ओळखतेस?" ती म्हणाली, "घर सोडताना जिला रडू येत नाही तिची मला काळजी वाटते. घरी भांडून पुन्हा एका ताटात जेवायची जिला सवय आहे, ती टिकते. तिला इथल्या तीस जणींची चिडचिड नवी नसते." ती मुलीच्या आईला मुद्दाम मठात दोन दिवस राहायला बोलावी, जेवण एकाच पंगतीला. कपड्यांवरचे आकडे तिने बंद केले. आता नावे भरतात.

एक गोष्ट सांगायची राहिली. १९८६ साली मी कामानिमित्त घाटावर गेलो आणि आयत्या वेळी मठात डोकावलो. भेटीच्या खोलीत बसवून ठेवण्याचे दिवस संपले होते. ताईने मला सरळ आत नेले. आजारी भगिनींच्या खोलीत खिडकीशी जुन्या मदर सुपीरियर अंथरुणावर होत्या. अर्धांगाने उजवी बाजू गेलेली, स्मृती विझत चाललेली. माहेरचे कोणी उरले नव्हते. सहा वर्षे त्यांचे न्हाणे-धुणे, भरवणे ताई करीत होती. त्यांना पाहून मला वडिलांची दाराकडे लागलेली नजर आठवली. मी दारातच थांबलो.

माझ्या पिशवीत सुकेळ्यांचा पुडा होता. ताईने तो न विचारता काढून घेतला, एक सुकेळे दुधात कुस्करले आणि चमच्याने मदरना भरवू लागली. दोन घास गेल्यावर त्यांनी ताईकडे निरखून पाहिले आणि मोडक्या मराठीत विचारले, "तुझा बाप कसा हाय? तार आली ना? घरी जा तू. जाऊन ये."

ताई मला हळूच म्हणाली, "रोज विचारतात."

मग त्यांच्या तोंडाला लागलेले दूध पदराने पुसून ती मोठ्याने म्हणाली, "जाऊन आले, मदर. बरे आहेत बाबा. ही सुकेळी त्यांनीच पाठवलीत." आणि पुढचा चमचा भरून घेतला.